मागच्या खोल्यांसकट

सरकारी इमारत पाडायची असली की आधी तिचं निर्लेखन करतात. इमारत निरुपयोगी ठरवायची, दप्तरातून कमी करायची आणि मग पाडकामाची निविदा काढायची, असा तो क्रम. आमच्या तालुक्याच्या गावी कॅम्प भागात इंग्रजांच्या काळातला प्रांतसाहेबाचा बंगला आहे. त्याच्या निर्लेखनाचे कागद फिरायला लागलेत हे आम्हाला एका निवृत्त अव्वल कारकुनांनी सांगितलं. नोकरीतली उमेदीची वर्षं त्यांनी त्याच बंगल्यात फायली बांधत काढली होती. "नव्या प्रशासकीय इमारतीसाठी जागा हवी आहे त्यांना. एकदा निर्लेखन झालं की कुणाच्या बापाला थांबवता यायचं नाही. काय करायचं ते आत्ता करा," म्हणाले.

आम्ही म्हणजे कुठली मोठी संस्था नव्हे. मी शाळेत इतिहास शिकवते. एक तरुण वास्तुविशारद, एक वकील, हे कारकूनकाका आणि सुट्टीला गावी येणारे दोन-तीन चाकरमानी, एवढीच मंडळी.

पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी कोकणात दापोलीसारख्या ठिकाणी छावण्या टाकल्या आणि पुढे महसुली कारभाराबरोबर अधिकाऱ्यांची घरं उभी राहिली. आमचा बंगला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. उंच जोतं, जांभ्याच्या दीड हात जाड भिंती, तिन्ही बाजूंनी रुंद व्हरांडा, सागाच्या तुळया आणि वर मंगलोरी कौलं. पडलेल्या कौलांपैकी एकाच्या पाठीवर बासेल मिशनचा ठसा होता. मंगळुरात त्यांचा कौलांचा कारखाना १८६५ मध्ये सुरू झाला आणि तिथली कौलं गलबतांनी सगळ्या किनाऱ्यावर पोचत. मागे मोकळं अंगण आणि अंगणापलीकडे वेगळा बबर्चीखाना, कारण धूर आणि आगीची भीती साहेबाच्या घरात नको असे. त्याला लागून नोकरांच्या खोल्यांची ओळ, तबेला आणि विहीर. स्वातंत्र्यानंतर मुख्य घरात कचेरी आली, मग मतपेट्यांचं गोदाम झालं आणि शेवटी कुलूप लागलं. मागच्या खोल्यांकडे तर कुणी पाहिलंच नव्हतं. तिथे वड आणि पिंपळ भिंतीतून वर आले होते.

पहिलं काम निर्लेखन थांबवायचं. त्यासाठी नुसतं निवेदन पुरत नाही, इमारत धोकादायक नाही हे दाखवावं लागतं. आमच्या वास्तुविशारदाने एका जाणत्या संरचना अभियंत्याला बोलावलं. त्यांनी हातोडीने तुळई वाजवून बघितली, तुळयांची टोकं टोच्याने तपासली, भिंतींच्या ओळंब्यातला फरक मोजला. त्यांचं म्हणणं असं निघालं की सांगाडा उत्तम आहे. कुजलेली फक्त तुळयांची भिंतीतली टोकं आहेत, तीही जिथे पन्हळ फुटून पाणी मुरलं तिथेच. खरं नुकसान मधल्या काळात कुणीतरी बाहेरून चढवलेल्या सिमेंटच्या गिलाव्याने केलं होतं. जांभा सच्छिद्र असतो, पावसाळ्यात ओल पितो आणि उन्हाळ्यात ती सोडतो. चुन्याच्या गिलाव्यातून ती ओल बाहेर पडू शकते. सिमेंटने ती आत कोंडली, भिंतीला आतून लोणा लागला, म्हणजे क्षार फुटून ती झिजायला लागली, आणि लाकूड कुजलं. हा अहवाल फोटोंसकट जिल्हाधिकाऱ्यांना दिला आणि सोबत विनंती केली की पुरातत्त्व खात्याकडे प्रस्ताव जातो आहे, तोवर निर्लेखनाचा निर्णय थांबवावा. त्यांनी तो थांबवला. तिथून पुढे आम्हाला श्वास घ्यायला वेळ मिळाला.

आता प्रस्ताव कुठल्या कायद्याखाली करायचा, हा प्रश्न होता. केंद्राच्या १९५८ च्या कायद्यात वास्तू किमान शंभर वर्षं जुनी लागते, ती अट आम्ही पुरी करत होतो, पण राष्ट्रीय महत्त्वही सिद्ध करावं लागतं. पुण्याचा आगाखान पॅलेस १८९२ मध्ये बांधला गेला, १९४२ पासून गांधीजी आणि कस्तुरबा तिथे कैदेत होते, कस्तुरबा आणि गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई तिथेच वारले. १९६९ मध्ये आगाखानांनी तो देशाला दिला आणि २००३ मध्ये तो राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक झाला. आमच्या बंगल्याचं तसं वजन नाही. नगररचनेच्या १९६६ च्या कायद्याखाली वारसा यादी करता येते, मुंबईत १९९५ पासून तशी नियमावली आणि श्रेणी आहेत. आमच्या गावाची अशी यादीच नव्हती, आणि ती होईपर्यंत बंगला टिकला नसता. राहिला राज्याचा १९६० चा प्राचीन स्मारकांचा कायदा. डोळ्यासमोर रत्नागिरीचा थिबा राजवाडा होता. १८८५ मध्ये ब्रह्मदेशाचं राज्य जिंकून इंग्रजांनी तिथल्या थिबा राजाला रत्नागिरीत आणून ठेवलं, पुढे त्याच्यासाठी हा वाडा बांधला आणि १९१६ मध्ये तो राजा रत्नागिरीतच वारला. तो वाडा आज राज्य संरक्षित स्मारक आहे. इंग्रजांनी बांधलेलं घर जपताना आपण इंग्रजांचा गौरव करत नाही, हे त्या एका उदाहरणाने आम्हाला पुढे फार ठिकाणी सांगता आलं.

प्रस्तावाला दोन पाय लागतात, इतिहास आणि जमीन.

इतिहासासाठी आधी १८८० चं रत्नागिरी गॅझेटिअर चाळलं. त्यात गावाचं वर्णन सापडतं, पण एखाद्या घराचा तपशील अशा पुस्तकात कमीच. तो सापडला मुंबईच्या पुराभिलेखागारात. काळा घोड्याच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत ते आहे. अर्ज करायचा, महसूल विभागाच्या सूचीतून खंड शोधायचा, चिठ्ठी द्यायची आणि वाट पाहत बसायचं. कागद इतका ठिसूळ की पान उलटताना कडेचा भुगा टेबलावर पडतो. एका खंडात बंगल्याच्या दुरुस्तीचं अंदाजपत्रक मिळालं. वळणदार इंग्रजीत साहेबाची सही, आणि वर खर्चाच्या नोंदी. सुतार, गवंडी, चुना मळणारे मजूर, पखालीने पाणी आणणारा भिस्ती, गवताने तबेला शाकारणारे. एकाचंही नाव नाही, फक्त कामं आणि रोजंदारी. मी ते पान पेन्सिलीने उतरवून घेतलं. घर कुणाच्या हातांनी उभं राहिलं याचा आमच्याकडे असलेला हा एकमेव लेखी पुरावा.

जमिनीचं काम जास्त चिवट निघालं. मिळकत पत्रिकेवर सरकारचं नाव होतं, पण ताबा महसूलचा, देखभाल दुसऱ्याची, आणि मागच्या खोल्या भलत्याच नंबरात. जुन्या नकाशात अंगण एक होतं. मधे कधीतरी रस्त्यासाठी हद्द बदलली तेव्हा खोल्यांची ओळ आणि विहीर वेगळ्या तुकड्यात गेली. वकीलसाहेबांनी भूमी अभिलेखमधून जुने उतारे काढून एकापुढे एक लावले, तेव्हा हे लक्षात आलं.

पुरातत्त्व खात्याकडून पाहणी झाली. आलेल्या मॅडम फार कसोशीने बघणाऱ्या होत्या. पण प्रस्तावाचा पहिला मसुदा आला त्यात फक्त मुख्य बंगला होता. कारणही समजण्यासारखं होतं. मागचं बांधकाम पडीक, वेगळ्या नंबरात, आणि तेवढी जागा वगळली की प्रशासकीय इमारतीचा प्रश्नही सुटत होता. सगळ्यांनाच तो मध्यममार्ग वाटला. आमच्यातले काही जण म्हणाले, बंगला वाचतोय ना, मग घ्या पदरात.

त्याच सुमारास नगरपंचायतीच्या सभागृहात बैठक झाली. विरोध दोन प्रकारचा होता. शेजारच्या घरमालकांना भीती की आता शंभर मीटरमध्ये संडासही बांधता येणार नाही. ती भीती निराधार नव्हती. २०१० च्या दुरुस्तीने राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांभोवती शंभर मीटर प्रतिबंधित आणि पुढे दोनशे मीटर नियंत्रित क्षेत्र आलं आहे, आणि त्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचलेल्या. आमचा प्रस्ताव राज्याच्या कायद्याखालचा आहे, दोन्ही कायदे वेगळे आहेत, हे वकीलसाहेबांनी कलमं वाचून दाखवून सांगितलं. दुसरा विरोध मला जास्त मोलाचा वाटला. एक तरुण नगरसेवक उभे राहिले आणि म्हणाले, "ज्या व्हरांड्याच्या पायरीवर आमच्या आज्याला चपला काढून उभं राहावं लागायचं, तो व्हरांडा आमच्याच पैशाने का जपायचा?"

सभा गप्प झाली. मी उत्तर देणार तेवढ्यात मागच्या रांगेतून एक आजी बोलल्या. वय ऐंशीच्या पुढे. त्यांचे वडील बंगल्यावर बबर्ची होते. "बाळा, मी त्या मागच्या खोलीत जन्मले," त्या त्याला म्हणाल्या. "पायरी पाडलीस तर उद्या तुझी पोरं मानतील काय, की आज्या उन्हात उभा होता म्हणून?" मग माझ्याकडे वळून, "आणि बाई, तुम्ही पण ऐका. साहेबाची झोपायची खोली ठेवणार, आणि आमचं न्हाणीघर पाडणार, असं चालायचं नाही हां."

त्या क्षणापासून माझ्या मनात शंका उरली नाही. मागच्या खोल्या वगळून बंगला वाचवणं म्हणजे साहेबाचा दिवाणखाना वाचवणं. ज्यांनी पाणी ओढलं, घोडे धुतले, चुलीपुढे घाम गाळला, त्यांची जागा तेवढी पुसायची आणि उरलेल्याला इतिहास म्हणायचं, हे मला मान्य नव्हतं, आजही नाही. नगरसेवकांनी पुढे स्वतः ठराव मांडला, संपूर्ण आवार संरक्षित व्हावं असा. तो एकमताने झाला आणि प्रस्तावाला जोडला गेला.

इथे एक गोष्ट या वाटेने जाणाऱ्यांसाठी सविस्तर सांगते, कारण सगळा खेळ तिच्यात आहे. वास्तू संरक्षित झाल्याचं सरकार राजपत्रात अधिसूचनेने जाहीर करतं, आधी प्राथमिक आणि हरकती ऐकून मग अंतिम. या अधिसूचनेला एक अनुसूची, म्हणजे तपशिलाचा तक्ता, असते. स्मारकाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, सर्व्हे किंवा मिळकत क्रमांक, क्षेत्र, चतुःसीमा, मालकी. लोक नावाच्या रकान्यासाठी भांडतात, पण संरक्षण मिळतं ते क्षेत्राला आणि चतुःसीमेला. जे त्या सीमेत नाही ते उद्या पाडलं तरी कायदा विचारत नाही. आणि प्राथमिक अधिसूचनेत जे क्षेत्र नाही, ते अंतिमच्या वेळी घुसवता येत नाही, कारण त्यावर कुणाला हरकत घ्यायची संधीच मिळालेली नसते. म्हणून दुरुस्ती करायची ती राजपत्रात जाण्याआधीच.

त्यासाठी सरकारी मोजणी मागितली. मोजणीदार यंत्र घेऊन आले तेव्हा आवारात कमरेएवढं रान होतं. गावातल्या पोरांनी कोयते घेऊन वाट काढली. जुन्या नकाशाप्रमाणे ईशान्येचा हद्दीचा दगड सापडेना. कारकूनकाका एका करवंदीच्या जाळीकडे बोट दाखवून म्हणाले, इथे होता, मी त्यावर बसून डबा खायचो. जाळी तोडली, पाचोळा बाजूला केला, आणि वीतभर खाली दगडाचं घडीव डोकं लागलं. तिथून मोजल्यावर विहीर, बबर्चीखाना आणि खोल्यांची ओळ एकाच आवारात बसली. हा नकाशा आणि दोन्ही नंबर सुधारित प्रस्तावात गेले. पुरातत्त्वच्या मॅडमनी त्याला स्वतःचा सविस्तर अभिप्राय जोडला, मागचं बांधकाम हे बंगल्याच्या रचनेचा अविभाज्य भाग आहे असा. प्रशासकीय इमारतीसाठी बाजारपेठेजवळची दुसरी सरकारी जागा सुचवली गेली. लोकांच्या पायाला ती जवळचीही आहे.

मग फाईल मुंबईला गेली. संचालनालय, तिथून सांस्कृतिक कार्य विभाग, तिथून शंका, शंकेला उत्तर, पुन्हा वर. या काळाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. शंका आली की त्याच आठवड्यात उत्तर पाठवायचं आणि त्याची पोच जपून ठेवायची, एवढं आम्ही पाळलं.

प्राथमिक अधिसूचना राजपत्रात आली. कायद्याप्रमाणे तिची प्रत वास्तूजवळ ठळक जागी लावावी लागते आणि हरकतींसाठी दोन महिने असतात. व्हरांड्याच्या खांबावर ती चिकटवली तेव्हा निम्मं गाव वाचायला आलं. हरकती आल्या, त्यांवर लेखी उत्तरं झाली. एका शेजाऱ्यांची वहिवाटीची पायवाट आवारातून जात होती, ती त्यांची खरी अडचण होती. कुंपणात दिंडी दरवाजा ठेवायचं ठरलं आणि त्यांनी हरकत मागे घेतली. अंतिम अधिसूचनेचं राजपत्र हातात आलं तेव्हा मी आधी चतुःसीमा वाचली. दोन्ही नंबर होते. मग आजींच्या घरी गेले आणि त्यांनाही तेवढंच वाचून दाखवलं.

संरक्षित झाल्याने पैसे मिळत नाहीत, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. निधीसाठी जिल्हा नियोजनाकडे वेगळा प्रस्ताव करावा लागला, आणि तिथे नवीच अडचण. रोजच्या सरकारी बांधकामाच्या दरसूचीत सिमेंटच्या गिलाव्याचा दर असतो, पण गूळ, हिरडा आणि बेलफळाचं पाणी घालून मळलेल्या चुन्याचा दर कुठून आणायचा? दरांचं पृथक्करण करून, सामान किती, मजुरी किती, चुना मुरवायला टाकी किती दिवस अडते, हे सगळं मांडून तो मंजूर करून घ्यावा लागतो. संवर्धनाच्या कामात मुरलेले वास्तुविशारद आणि तशी कामं केलेला ठेकेदार हवा, ही अट निविदेत होती म्हणून काम वाचलं.

काम पाहायला मी सुट्टीच्या दिवशी जात असे. आधी सिमेंट छिन्नीने हलक्या हाताने उतरवलं. मग भिंती तशाच उघड्या ठेवल्या, वाळायला. एक आख्खा उन्हाळा त्यात गेला आणि ठेकेदारावर लोक चिडले, पण ओल्या भिंतीवर चुना चढवला तर तो सुटतो. आवारात घाणी बसवली. चुना, वाळू आणि विटांची भुकटी दगडी चाकाखाली लोण्यासारखी मऊ होईपर्यंत मळायची. गवंडी मिश्रण थापीवर घेई आणि थापी उलटी धरी. ते पडलं नाही तरच पुढे भिंतीवर जाई. तुळयांची कुजलेली टोकं तेवढी कापून जुन्याच सागाचे तुकडे सांध्यात बसवले, बाकी तुळई मूळचीच राहिली. कौलं एकेक उतरवून, वाजवून, धड असलेली पुन्हा चढवली. जूनला पाऊस लागला की ताडपत्री घालून सगळं बंद, ते थेट दसऱ्यापर्यंत.

बबर्चीखान्यात चुन्याचे थर खरवडताना खाली काजळीने काळीकुळकुळीत भिंत निघाली. चुलवणाच्या वर, हात पोचेल इतक्या उंचीवर, कोळशाने ओढलेल्या उभ्या रेघा होत्या, चार रेघा आणि त्यांवर एक आडवी, अशा ओळीने. दुधाचा हिशेब असेल, अंड्यांचा असेल, पाण्याच्या घागरींचा असेल. वास्तुविशारदाने तेवढा चौकोन न रंगवता तसाच ठेवला आणि पुढे काच बसवली. मुख्य बंगल्यातल्या कुठल्याही नक्षीपेक्षा मला तो चौकोन मोठा वाटतो.

आता बंगला लोकांसाठी खुला आहे. पुढच्या दोन खोल्यांत तालुक्याच्या महसुली इतिहासाचं प्रदर्शन आहे, व्हरांड्यात मुलं अभ्यासाला बसतात. फलकाच्या मजकुरावरून पुन्हा चर्चा झाली. तिथे राहून गेलेल्या साहेबांची यादी तयार होती, कारण ती सरकारी दप्तरात आयतीच मिळते. आम्ही आग्रह धरला की त्याच आकाराचा दुसरा फलक बबर्चीखान्यावर लागावा. त्यासाठी नावं गोळा करणं अजून चालू आहे. आजींनी वडिलांचं आणि दोन घोडेवाल्यांचं नाव दिलं, कारकूनकाकांनी पट्टेवाल्यांची दिली. नगरसेवकांच्या आजोबांचंही नाव फलकावर आहे, पायरीपाशी उभं राहणाऱ्या खातेदारांमध्ये. ते त्यांनीच सुचवलं.

तबेल्याचं छप्पर मात्र राहिलंय. पहिल्या टप्प्याचा निधी बंगला, बबर्चीखाना आणि खोल्यांच्या अर्ध्या ओळीत संपला. दुसऱ्या टप्प्याचं अंदाजपत्रक सादर केलंय, त्यात विहिरीचा गाळ आणि काठाची दगडी बांधणीही आहे. मेअखेर कौलं चढली नाहीत तर याही पावसाळ्यात ताडपत्रीवर भागवावं लागेल, म्हणून दर सोमवारी आमच्यापैकी कुणीतरी जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन फाईल कुठल्या टेबलावर आहे ते बघून येतं.